अजून रानात

रानातल्या शर्यतींचा एक जुना नियम आहे. धावणाऱ्याने शर्यत अर्धवट सोडली, पाय मुरगळला, वाट चुकून भलत्याच गावात निघाला, काहीही झालं तरी त्याने शेवटच्या रेषेवर येऊन तोंड दाखवायचं. तोवर त्याचं नाव एका यादीत राहतं आणि ती यादी रिकामी होईपर्यंत आयोजकांनी घरी जायचं नाही. केतकी इंगवलेने आपल्या संगणकावर या यादीला साधं नाव दिलं होतं, 'अजून रानात'. नाव आबांनी सुचवलं होतं.

हा खेळ आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. हातात नकाशा आणि होकायंत्र घ्यायचं आणि रानात जागोजागी टांगलेले केशरी-पांढरे कापडी कंदील ठरलेल्या क्रमाने शोधत पळायचं. वाट ज्याची त्याने ठरवायची. प्रत्येक कंदिलाखाली एक डबी असते. बोटात घातलेली चिप डबीला टेकवली की ती वाजते आणि वेळ नोंदवते. एक जरी नोंद कमी पडली तरी धावणारा बाद, मग तो पहिला का आलेला असेना. सैन्यात हा खेळ पूर्वीपासून खेळतात, आणि केतकीचे वडील, सुभेदार रंगराव इंगवले, तिथेच तो शिकले. निवृत्त होऊन कोल्हापूरला आले तरी खेळ सुटला नाही. सत्तरीतही ते धावत. 'पळतोय कुठला, लगबगीनं चालतोय,' असं स्वतःच म्हणत.

२०४१च्या फेब्रुवारीत ज्येष्ठांची जागतिक स्पर्धा आंबा घाटाजवळच्या रानात व्हायची होती. अडतीस देशांचे चौदाशे म्हातारे-म्हाताऱ्या. त्यांच्या नोंदी, निकाल, पडद्यावरचे ठिपके, सगळी संगणक-यंत्रणा तपासून 'चालेल' अशी सही करण्याचं काम केतकीकडे होतं. दोन वर्षं ती तेच करत होती. आंबेरीवाडीच्या शाळेतला एक वर्ग तिने ताब्यात घेतला होता. फळ्यावर अजून कुणीतरी लिहिलेले तेराचे पाढे होते. ते पुसू नका, असं गुरुजींनी बजावलं होतं.

जानेवारीतल्या शेवटच्या रंगीत तालमीच्या दिवशी सकाळी आबा त्याच वर्गात बाकावर पाय टाकून बसले होते आणि केतकी त्यांच्या घोट्याला जागा कळवणारा पट्टा बांधत होती.

"घट्ट झाला का, आबा?"

"बेडी घातल्यागत वाटतंय."

"अकरा नंबरच्या ओघळीत सिग्नल जाईल. तिथं कुणाचाच टिकत नाही."

"जाऊ दे की. मला काय हुतंय? तुझं यंत्र घाबरंल." गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी त्यांनी खिशात कोंबली, गळ्यातली शिट्टी चाचपली आणि दारात जाऊन खाडकन सलाम ठोकला. "सुभेदार रंगराव इंगवले, निघतोय."

ती हसली. दोन वर्षं रोजचा हाच खेळ होता. परत आल्यावर ते बोटातली चिप काढून तिच्या तळहातावर ठेवत आणि म्हणत, "घे. आलो बघ." मग जेवायला जात.

आता त्या यंत्राविषयी. सह्याद्रीच्या घळींत रेडिओचा सिग्नल पोचत नाही, आणि पट्ट्यांच्या बॅटऱ्या ऐन वेळी दगा देतात. पडद्यावरचा ठिपका मध्येच गायब झाला की बघणारे कावतात. यावर यतीन पेडणेकर नावाच्या केतकीच्या सहकाऱ्याने 'माग' तयार केला. माणूस चालतो कसा, चढावर किती दमतो, ओढा दिसला की डावीकडून जातो की उजवीकडून, हे त्याच्या जुन्या शर्यतींवरून माग शिकतो. सिग्नल तुटला की शेवटच्या जागेपासून पुढे तो त्या माणसाला स्वतःच चालवतो, नकाशावरचे चढउतार आणि झाडीची दाटी बघून. सिग्नल परत आला की अंदाज आणि सत्य ताडून पाहतो. सहा मीटरच्या वर फरक क्वचितच पडे. आबांच्या बाबतीत तर दोनच. माग आबांना सर्वांत जास्त ओळखत होता, कारण चाचणीच्या तीनशेबारा फेऱ्या ते एकटे चालले होते.

पण माग फक्त ठिपके हलवत होता. ठिपक्याच्या शब्दावर नोंद करण्याचा अधिकार त्याला केतकीने दिला, आणि तो का दिला ते सांगायलाच हवं.

बारा वर्षांपूर्वी परदेशातल्या एका स्पर्धेत आबा त्यांच्या वयोगटात तिसरे आले होते. भारतातून गेलेला एकटा म्हातारा गडी, पाइनच्या परक्या रानात तिसरा. निकाल लागला तेव्हा त्यांच्या नावापुढे 'बाद' होतं. सातव्या कंदिलाची डबी बंद पडली होती. डबी वाजली नाही तर नकाशावर सुईचा ठसा उठवायची सोय असते, पण तोफांच्या आवाजाने आबांचा एक कान गेलेला. वाजली असेल असं समजून ते पुढे पळाले. ते पंचांना सांगत राहिले की कंदिलाखाली मुंगळ्यांचं वारूळ होतं, बुंध्याला वीज पडल्याची खूण होती. पंचांनी सगळं मान दिल्यासारखं ऐकून घेतलं आणि नियम दाखवला. मुक्कामावर परतताना बसमध्ये आबा खिडकीबाहेर बघत होते आणि केतकी शेजारी बसली होती. घाटाएवढ्या उंच बापाला तिने पहिल्यांदाच इतकं लहान झालेलं पाहिलं. नंतर कधी जेवताना, कधी चप्पल घालताना, ते मध्येच म्हणत, "गेलतो की मी तितं."

म्हणून माग हाती आल्यावर केतकीने एक नियम लिहिला. ज्या धावणाऱ्याचा आजवरचा भरवसा, म्हणजे यंत्राचा अंदाज खरा ठरण्याचं प्रमाण, शंभरात नव्वदच्या वर आहे, आणि ज्याला मागने कंदिलापाशी पोचलेलं पाहिलं आहे, त्याची नोंद कुठल्याही डबीवर राहिली तर दोष डबीचा धरावा. माणसाचा धरू नये. नोंद गृहीत धरून त्याला पुढे जाऊ द्यावं. आबांचा भरवसा होता अठ्ठ्याण्णव. नियम दाखवला तेव्हा चष्मा वर करून त्यांनी तो दोनदा वाचला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. जरा वेळाने म्हणाले, "चांगलं केलंस, केतू."

साडेनऊला आबा निघाले. आणखी पाच जण वेगवेगळ्या मार्गांवर होते. वर्गात केतकी आणि यतीन पडद्यासमोर बसले. आबांचा ठिपका भरीव निळा होता. पहिला कंदील, दुसरा, पाचवा, बिनचूक. सगळ्या जागा त्यांना तोंडपाठ होत्या. पावसाळा संपल्यापासून त्यांनीच रानभर फिरून प्रत्येक जागी निळी सुतळी बांधली होती, पुढे कंदील टांगणाऱ्या पोरांना खूण सापडावी म्हणून.

दहावा कंदील दहा पस्तीसला. मग ठिपका अकराच्या ओघळीत उतरला आणि पोकळ झाला. पोकळ म्हणजे सिग्नल गेला, आता माग चालवतोय. ठरल्याप्रमाणेच होतं. दहा पन्नासला ठिपका अकराव्या कंदिलापाशी टेकला. नोंद आली नाही. यंत्राने क्षणभर विचार केला आणि हिरवी खूण केली, 'डबी सदोष, नोंद गृहीत'.

"चालला बघ तुझा नियम," यतीन म्हणाला.

केतकीला बरं वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही. ठिपका ओघळीतून वर आला, सिग्नल मात्र परतला नाही. पट्टा गेला असेल. या आठवड्यात चार पट्टे गेले होते, माग त्यासाठीच तर होता. कारवीच्या झुडपांपलीकडे एक जांभूळ आहे. त्याच्याखाली येऊन ठिपका थांबला. दोन मिनिटं थांबला. केतकी मोठ्याने हसली.

"गूळ खातायत," ती म्हणाली. "रोज तिथंच खातात. यतीन, त्याला हेसुद्धा कळतं."

अकरा चाळीसला ठिपका पठारावरच्या शेवटच्या रेषेला लागला. तिथे तालमीपुरती नुसती डबी रोवलेली होती, माणूस बसवला नव्हता. तालीम यंत्राची होती, माणसांची नव्हती. बाकीचे पाच जणही आले. कोपऱ्यातला आकडा उतरला. 'अजून रानात : ०'. यतीनने आळस दिला.

तेवढ्यात कोल्हापूरहून आईचा फोन आला.

"आलं का गं ते?"

"आले की. अकरा चाळीसला."

"उन्हानं लई लाल झाल्यात का?"

"अगं, इथं यायचेत अजून. स्क्रीनवर आलेत."

"म्हंजे तू बघितलं न्हाईस."

"ठिपका बघितला ना, आई."

"बरं बाई," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दीड वाजता सगळे शाळेच्या पडवीत जेवायला बसले. भाकरी होती, वांग्याचं कालवण होतं. एक ताट झाकून ठेवलं होतं. पठारावरून माणसं आणायला गेलेला जीपवाला पांडबा हात धुऊन आला तेव्हा केतकीने विचारलं, "आबा कुठं उतरले?"

"आबा? मला न्हाई भेटले. पाचच गडी हुते. मला वाटलं आबा चालत खाली आलं, त्यांना जीप नको असती."

तसं ते करतही असत. वाडीत कुणाच्या तरी ओसरीवर चहा पीत बसले असतील, असं तिघा-चौघांनी सांगितलं. केतकीने हातातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. आपला तळहात तिने उलटा-सुलटा करून पाहिला. आज त्यावर कुणी काही ठेवलं नव्हतं.

वर्गात जाऊन तिने यंत्राला फक्त खऱ्या नोंदी मागितल्या, बोट टेकलेल्या. पडद्यावर दहाच ओळी आल्या. मग तिने सगळी यादी उघडली. अकराव्या कंदिलापासून पुढे प्रत्येक ओळीपुढे बारीक अक्षरांत 'गृहीत' होतं. बारावा गृहीत. पंधरावा गृहीत. शेवटची रेषासुद्धा गृहीत. नियमात तिने 'कुठलीही डबी' असं लिहिलं होतं. शेवटच्या रेषेवरही डबीच असते, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आठशे प्रकारे तिने तो नियम तपासला होता. डबी भिजलेली, डबी चोरीला गेलेली, चिप तुटलेली, दोघांच्या चिपा अदलाबदल झालेल्या. माणूस परतच आला नाही, ही एक गोष्ट तपासायची राहिली, कारण चाचणीला गेलेला प्रत्येक माणूस आजवर परत आला होता.

पुढचे दोन तास तिला नंतर नीट आठवत नसत. वाडीतली वीस माणसं, काठ्या, हाका. चार वाजून दहा मिनिटांनी यतीनचा आवाज आला आणि त्या आवाजावरूनच तिला कळलं.

अकराव्या कंदिलाची ओघळ आणि तिच्या शेजारची ओघळ जुळ्या बहिणींसारख्या आहेत. आबांनी खऱ्या जागी बांधलेली निळी सुतळी एखाद्या गव्याने अंग घासताना तोडून नेली होती, आणि आदल्या दिवशी कंदील टांगणाऱ्या पोरांनी आपला अंदाज केला. कंदील शेजारच्या ओघळीत गेला. माग नकाशाप्रमाणे चालला. आबा कंदील शोधायला गेले. कंदील जागेवर नसला तर परत येऊन सांगायचं, असा तालमीचा शिरस्ता होता. पण चाळीस वर्षांत कंदील न सापडता परतलेला हा माणूस नव्हता. शेजारच्या ओघळीत, कंदिलाच्या वीस पावलं खाली, सुट्या दगडांवरून ते घसरले होते. पट्टा दगडावर फुटला होता. चिप बोटात होती आणि शिट्टी ओठांपाशी.

केतकी त्यांच्याजवळ बसली. त्यांचा हात तिने हातात घेतला, तो थंड होता. वर केशरी-पांढरा कंदील वाऱ्यावर हलत होता.

मांडीचं हाड मोडून आत रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिने विचारलं, किती वेळ? त्यांनी आधी टाळलं, मग म्हणाले, दोन-अडीच तास तरी असतील. वाडीतली एक बाई जळण गोळा करायला त्या अंगाला गेली होती. ती रडत रडत म्हणाली, "शिट्टी ऐकली की मी. पर तुमची मानसं रोजच वाजवत्यात. मला वाटलं खेळ चाललाय."

तेराव्याचं जेवण झाल्यावर पाहुणे पांगले. आई स्वयंपाकघरात तांब्याची भांडी पुसत होती. केतकी दारात उभी राहिली. तेरा दिवस ही गोष्ट तिने आईला सांगितली नव्हती.

"आई, आबा आले असं जे यंत्रानं सांगितलं ना, तो नियम माझा होता. मी लिहिलेला."

आईचा हात थांबला. तिने भांडं खाली ठेवलं.

"त्येंच्यासाठीच लिवलास न्हवं," ती म्हणाली.

आईने बोल लावला असता तर केतकीला सोपं गेलं असतं. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली. आई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती आंबेरीवाडीला परतली. स्पर्धेला नऊ दिवस होते. यतीनने दुरुस्ती तयार ठेवली होती.

"शेवटची रेषा नियमातून वगळली," तो खाली मान घालून म्हणाला. "आता कुणीही खरा टेकल्याशिवाय परत आला असं धरलं जाणार नाही. मधल्या कंदिलांना नियम राहू दे. समितीचंही तेच म्हणणं आहे. तू सही केलीस की झालं."

"मधल्या कंदिलांना का?"

"अगं, हजारो नोंदींत एकदा चुकला तो. आणि नियम काढला तर डबी बिघडली म्हणून कुणीतरी खरा माणूस बाद होणार. तुझ्या आबांसारखाच."

"यतीन, त्या दिवशी नोंद नाही म्हणून अकरावा कंदील तांबडा झाला असता तर?"

त्याने पडद्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "दहा पन्नासला कळलं असतं."

"आणि इथून ओघळ किती लांब?"

"पाऊण तास."

त्या दिवसाची सगळी नोंद तिने पडद्यावर पुन्हा लावली. निळा ठिपका निघाला, दहा कंदील बिनचूक, मग पोकळ होऊन ओघळीत उतरला आणि वर आला. आबांचीच चाल, चढावर किंचित डावीकडे झुकत. जांभळाखाली तो थांबला. दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत ती हसली होती. ठिपका गूळ खात होता तेव्हा आबा शेजारच्या ओघळीत पडून शिट्टी वाजवत होते, सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा वेळा, शिकवल्याप्रमाणे. यंत्र त्यांना इतकं ओळखत होतं की ते थांबल्याचं त्याच्या लक्षातच आलं नाही. आपणही त्यांना तितकंच ओळखत होतो, असं तिला वाटलं. म्हणून तर उठून बघायला गेलो नाही.

ठिपका घरी पोचेपर्यंत तिने पाहिलं. हे शेवटचं, हे तिला माहीत होतं. नियम गेला की ठिपका अकराव्यापाशीच अडणार होता, आबांची ही पन्नास मिनिटं पुन्हा कधी दिसणार नव्हती. ती खोटी होती, तरी त्यांत ते चालत होते.

तिने नियम पुसला. सगळा. आणि तोच दिवस यंत्राला पुन्हा तपासायला दिला.

दहावा कंदील. ओघळ. दहा पन्नासला अकरावी खूण तांबडी झाली आणि वर्गात भोंगा वाजला. कोपऱ्यात आकडा आला, 'अजून रानात : १', आणि त्याखाली नाव, 'रंगराव इंगवले'. यतीनने भोंगा बंद करायला हात पुढे केला.

"वाजू दे," ती म्हणाली.

पाढे लिहिलेल्या त्या वर्गात, दोन आठवडे उशिरा, भोंगा वाजत राहिला. पांडबा धावत दारात आला, पडद्यावरचं नाव त्याने वाचलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

स्पर्धा पार पडली, चांगली पार पडली. पाच दिवसांत दोघांचे घोटे मुरगळले, एक बाई वाट चुकली, तिघांचाही पत्ता अर्ध्या तासात लागला. शेवटच्या दिवशी दुपारी तीनला सगळे परतले होते, तंबू उतरवायची घाई चालली होती. फक्त आकडा एकावर अडला होता. 'अजून रानात : १. इश्तवान, हंगेरी, वय ७३.'

रेषेवरच्या मुलीने सांगितलं, तो आलाय, मी डोळ्यांनी पाहिलाय. चौदाव्या कंदिलाची नोंद नाही म्हणून पडद्यावर 'बाद' पाहिलं आणि चिप डबीला न टेकवताच तरातरा निघून गेला.

"मग यादीतून काढूया का?" कुणीतरी विचारलं.

"चिप येऊ दे," केतकी म्हणाली. कुणी वाद घातला नाही. सगळे थांबले.

वीसेक मिनिटांनी तो स्वतःच वर्गात आला. उंच, वाकलेला, गुडघ्यापर्यंत तांबडी माती. तोडक्यामोडक्या इंग्रजीत तो बोलू लागला आणि बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला. त्याच्या गटात तो दुसरा आला होता. कदाचित ही त्याची शेवटची स्पर्धा होती.

"मी तिथे होतो," तो म्हणाला. "डबी वाजली की नाही, मला कळलं नाही. पण मी होतो. मोठा खडक आहे, त्यावर पांढरं शेवाळ. आणि शेजारच्या झुडपाला निळी सुतळी बांधलीय. दुहेरी गाठ. आमच्या सैन्यात अशी मारायचे."

ती गाठ केतकीला ठाऊक होती. तिच्या शाळेच्या दप्तराला, बुटांच्या नाड्यांना, पहिल्या सायकलच्या कॅरिअरला आबांनी तीच गाठ मारली होती. ती सुतळी पाहिलेला माणूस चौदाव्या कंदिलापाशी गेलेला होता, यात तिळमात्र शंका नव्हती. तिने लिहिलेला नियम असता तर आज या म्हाताऱ्याच्या गळ्यात पदक असतं.

"तुम्ही तिथे होतात," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

त्याचे डोळे चमकले. "मग?"

"तरी तुम्ही बाद आहात. मला माफ करा."

तो बघत राहिला. ते बघणं तिने एकदा पाहिलं होतं, बसच्या खिडकीशी. या वेळी ते तिने स्वतःच्या हातांनी केलं होतं आणि उद्या पुन्हा वेळ आली तरी ती हेच करणार होती. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही. तिने हात पुढे केला, तळहात वर.

त्याला आधी कळलं नाही. मग त्याने बोटातली चिप ओढून काढली आणि जरा रागानेच तिच्या तळहातावर ठेवली.

चिप अंगाच्या उबेने गरम होती. केतकीने मूठ मिटली आणि क्षणभर तशीच धरली.

"आलात बघा," ती मराठीत म्हणाली.

मग तिने चिप यंत्राला लावली. कोपऱ्यातला आकडा शून्य झाला, आणि बाहेर पोरांनी तंबूचे दोर सोडायला सुरुवात केली.